‘रोहना’चे खलाशी आणि मोजणीचा प्रश्न

(महाड तालुक्यातील तळीये येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



२२ जुलै २०२१ पर्यंत तळीये या गावाचे नाव महाड-पोलादपूरबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि गावाचे नाव देशभर झाले. गेलेल्यांपैकी कित्येकांचे देह हाती लागले नाहीत. काही दिवसांनी शोधकार्य थांबले आणि बेपत्तांना मृत मानण्यात आले. याच रायगड जिल्ह्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तीच आपत्ती आली. तेथे २७ देह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. ज्या मातीत माणसे राहत होती तीच त्यांची समाधी ठरली.

देह न मिळालेल्या माणसाचे मरण दुहेरी असते. एक मरण घरच्यांच्या मनात घडते. त्याला कोणताही दाखला लागत नाही. पण ते वर्षानुवर्षे पुरे होत नाही. दुसरे मरण कागदावर घडते आणि ते घडेपर्यंत वारसाचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, मदत मिळत नाही, विम्याचा पैसा हाती येत नाही. सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला मृत समजावे, असा आपल्याकडील पुराव्याच्या कायद्याचा सर्वसाधारण दंडक आहे. आपत्तीच्या प्रसंगी शासन वेगळा आदेश काढून तो काळ टाळू शकते. असा आदेश निघतो तेव्हा कोणाला मेलेले मानले, हा प्रश्न सुटतो. परंतु त्याआधीचा प्रश्न शिल्लकच राहतो: तो माणूस मुळात कोणाच्या मोजणीत होता काय?

आजच्या भाषणाचा विषय याच प्रश्नाशी निगडित आहे. घटना मात्र फार दूरची आहे. ती घडली भूमध्य समुद्रात, १९४३ साली, एका उतारू आगबोटीवर.

कोकणात ‘बोट बुडाली’ असे कोणी म्हटले की आजही ‘रामदास’चे नाव निघते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दर्याने गिळली. ती माणसे आपल्याच गावांची होती, सणाला घरी निघालेली होती; म्हणून ती आठवण घराघरांत टिकली. त्याच्या साडेतीन वर्षे आधी मुंबईकडेच निघालेली एक मोठी आगबोट बुडाली आणि तिच्यावर अकराशेहून अधिक माणसे मेली, ही गोष्ट मात्र महाराष्ट्रात जवळजवळ कोणाला माहीत नाही. त्या आगबोटीचे नाव ‘रोहना’.

‘रोहना’ ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. १९२६ साली इंग्लंडात टाईन नदीकाठच्या हॉथॉर्न लेस्ली यांच्या गोदीत ती बांधली गेली. साडेआठ हजार टनांहून थोडी मोठी. मद्रास, पेनांग, सिंगापूर या मार्गावर ती उतारू नेई. त्या उतारूंत मलायातील रबराच्या मळ्यांकडे जाणारे तामिळ मजूर असत आणि वरच्या वर्गात मळेवाले व अधिकारी असत. ही कंपनी साधी नव्हती. १८५६ साली कलकत्त्याहून तिचा आरंभ झाला. पुढे टपालाच्या सरकारी कंत्राटांवर ती वाढली आणि १९१४ मध्ये पी. अँड ओ. कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले. तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली, तेव्हा भाडे पाडून तिचा गळा घोटणारी कंपनी हीच. हिंदी महासागरातील साम्राज्याची वाहतूक हा तिचा धंदा होता आणि तिच्या बोटींवरील खलाशी बहुतांशी भारतीय होते.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने अशा उतारू बोटी ताब्यात घेतल्या. १९४० साली ‘रोहना’ पलटणींची वाहतूक करणारे जहाज झाली. बोटीचे काम बदलले. तिचे यंत्र, तिचे कप्तान-अधिकारी आणि तिचे खलाशी मात्र तेच राहिले. हे ध्यानी घेणे महत्त्वाचे आहे. सैनिक एका सफरीपुरता त्या बोटीवर येई आणि उतरून जाई. खलाशी मात्र प्रत्येक सफरीत तोच धोका पुन्हा पत्करीत असे, आणि त्याच्या हाती बंदूक नसे.

२५ नोव्हेंबर १९४३ रोजी ‘रोहना’ अल्जीरियातील ओरान बंदरातून निघाली. तिच्यावर सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक होते. सुएझमार्गे मुंबईला यायचे आणि तेथून चीन-ब्रह्मदेश-भारत या युद्धक्षेत्रात जायचे, असा त्यांचा प्रवास ठरलेला होता. त्यांतील मोठी तुकडी विमानतळ बांधणाऱ्या अभियंत्यांची होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ नोव्हेंबरला, बोट बूजी बंदरासमोरच्या समुद्रात इतर जहाजांच्या तांड्यात चालली असता जर्मन विमानांनी हल्ला केला. एका हेंकेल विमानातून हेन्शेल २९३ नावाचा बाँब सोडण्यात आला. हा साधा बाँब नव्हता. त्याला पंख होते, अग्निबाणाचे इंजिन होते आणि विमानात बसलेला माणूस बिनतारी संदेशाने त्याची दिशा बदलू शकत होता. पुढच्या काळात ज्यांना मार्गदर्शित क्षेपणास्त्रे म्हणू लागले, त्यांचा हा पूर्वज. तो बोटीच्या डाव्या कुशीत घुसला आणि यंत्रघराजवळ फुटला.

दिवस मावळत होता. समुद्र खवळलेला होता आणि पाणी थंड होते. जीवनौकांपैकी अनेक खाली सोडताच आल्या नाहीत. काही स्फोटाने निकामी झाल्या होत्या, तर काहींचे सामान गंजून जाम झाले होते. सुमारे तासा-दीड तासात बोट बुडाली. ‘पायोनियर’ या अमेरिकन सुरुंगशोधक जहाजाने एकट्याने सहाशेहून अधिक माणसे पाण्यातून काढली, म्हणून मृतांचा आकडा आणखी वाढला नाही. तरीही १,०१५ अमेरिकन सैनिक मेले. शत्रूच्या हल्ल्यात समुद्रावर एकाच वेळी एवढे अमेरिकन सैनिक मरण्याची ही सर्वांत मोठी घटना होय. आणि बोटीच्या १९५ खलाशांपैकी ११७ मेले.

या दोन आकड्यांपाशी क्षणभर थांबले पाहिजे. वाचलेल्या अनेक सैनिकांच्या आठवणींत भारतीय खलाशांवर एक आरोप येतो. संकट येताच हे लोक घाबरले, नौका सोडण्याचे काम टाकून स्वतःचा जीव वाचवायला धावले, असा तो आरोप आहे. मृत्यूच्या तोंडातून आलेल्या माणसाने जे पाहिले ते त्याने सांगितले. त्याला खोटे ठरविण्याचे कारण नाही. काही खलाशी धावले असतील. काही सैनिकही धावले असतील. पण साधी शेकडेवारी काढली तर काय दिसते? सुमारे दोन हजार सैनिकांपैकी निम्मे मेले. १९५ खलाशांपैकी ११७, म्हणजे शेकडा ६० मेले. जे आधी पळाले असे सांगितले जाते, त्यांच्यातच मरणाचे प्रमाण अधिक होते.

याचे कारण बोटीच्या रचनेत आणि श्रमविभागणीत आहे. बाँब यंत्रघराजवळ फुटला. यंत्रघरात आणि बॉयलरपाशी कोण असते? तेलवाला आणि आगवाला असतो. त्यांना वर यायला वेळ मिळाला नाही. जे वर होते त्यांना हुकूम मिळे तो सारंगामार्फत, खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत. ती बोली त्या दोन हजार सैनिकांपैकी कोणाला समजत नव्हती आणि सैनिकांची इंग्रजी खलाशांना समजत नव्हती. गंजलेल्या सामानाची जबाबदारी जो रोज डेक धुतो त्याची नव्हे. ती बोटीच्या मालकाची, अधिकाऱ्यांची आणि तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेची. परंतु अपघातानंतर दोष खाली सरकत जातो आणि ज्याला उत्तर देण्याची सोय नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो. गिरणीत, खाणीत, रेल्वेत हा अनुभव कामगार चळवळीने पुष्कळ वेळा घेतला आहे. समुद्रावरही तोच घडला.

हे खलाशी कोण होते आणि कोणत्या अटींवर समुद्रावर जात होते, हे आता पाहू. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या व्यापारी ताफ्यावर सुमारे ५० हजार भारतीय खलाशी होते. एकूण नाविकांत त्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक होता. इंग्रज कागदपत्रांत त्यांना ‘लस्कर’ म्हणत. त्यांची भरती मुख्यतः कलकत्ता आणि मुंबई या दोन बंदरांत होई. मुंबईला भरती होणाऱ्यांत रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान व इतर दर्यावर्दी होते. गोवेकर, सुरती, दीव-दमणचे आणि मलबारचे लोक होते. सारंग, टिंडेल, सुखाणी, खलाशी, आगवाला, भंडारी, टोपाज अशी त्यांची उतरंड होती. झाडलोट करणारा टोपाज सर्वांत खाली. जमिनीवरची जातिव्यवस्था बोटीवर वेगळे कपडे घालून हजर होती, एवढेच.

सावित्रीच्या खाडीतून बाणकोटपर्यंत गलबते जात-येत तेव्हापासून महाडच्या माणसाला दर्याची वाट परकी नव्हती. डोंगरउतारावरची नाचणी-वरी घराला वर्षभर पुरत नसे. मग कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी पलटणीत आणि कोणी आगबोटीवर. घरच्या शेतीची तूट भरून काढणारी ही मनीऑर्डरची अर्थव्यवस्था होती. तिचा फायदा दोन्ही टोकांना मिळत नसे. गावाकडे ती कुटुंब जेमतेम जगवी. आणि तिकडे मालकाला अशी श्रमशक्ती मिळे, जिच्या बायकामुलांचा खर्च वेतनात धरावाच लागत नसे, कारण तो भार गावची शेती उचलीत होती. भारतीय खलाशी स्वस्त होता तो याच कारणाने.

किती स्वस्त? युद्धाच्या आरंभी त्याचे वेतन ब्रिटिश खलाशाच्या वेतनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके होते. राहण्याच्या जागेतही कायद्याने भेद केला होता. १९०६ च्या कायद्यानंतर ब्रिटिश नाविकाला बोटीवर १२० घनफूट जागा मिळावी असे ठरले; भारतीय खलाशासाठी ३६ घनफूट पुरेसे मानले गेले. नोकरी मिळविण्यासाठी घाट-सारंगाचे आणि दलालांचे हात ओले करावे लागत, म्हणून पहिल्या पगाराआधीच डोक्यावर कर्ज असे. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने खलाशांच्या भरतीतील हा गैरप्रकार विचारात घेतला होता. त्या आयोगाचे एक सदस्य ना. म. जोशी होते. ते याच जिल्ह्यातले, गोरेगावचे. कामगारांच्या प्रश्नाची अशी रीतसर नोंद व्हावी यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यात या परिसराचा माणूस आहे, हे येथील कार्यकर्त्यांनी विसरू नये.

हे खलाशी मुके होते असेही नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि ब्रिटिश बंदरांत उभ्या असलेल्या बोटींवरील भारतीय खलाशांनी काम नाकारले. जिवाचा धोका वाढला आहे, तेव्हा वेतन दुप्पट करा, अशी त्यांची मागणी होती. करार मोडल्याच्या आरोपाखाली शेकडो खलाशांना तुरुंगात धाडण्यात आले. तरी संप पसरत गेला आणि अखेर वेतनात व युद्धभत्त्यात वाढ द्यावी लागली. ती वाढ मिळाल्यानंतरही ब्रिटिश आणि भारतीय वेतनांतील दरी कायम राहिली. तथापि परक्या बंदरात, परक्या कायद्याखाली, अक्षरओळख नसलेल्या माणसांनी हा लढा दिला, हे भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासातील मोठे पान आहे. आपल्या अभ्यासवर्गांत ते क्वचितच वाचले जाते.

आता बोट बुडाल्यानंतरचा हिशेब पाहू. युद्धात गेलेल्या जहाजांची नुकसानभरपाई मालकांना सरकारी विम्यातून मिळे, कारण भांडवल सुरक्षित नसेल तर वाहतूक चालणार नाही, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. माणसांच्या हिशेबात मात्र वर्णभेद होता. भारतीय खलाशांच्या वारसांसाठी निवृत्तिवेतनाची योजनाच वेगळी आणि कमी दराची होती. लोखंडाच्या किमतीत लंडन आणि मुंबई असा भेद नव्हता. विधवेच्या चरितार्थात होता.

स्मृतीचा हिशेबही असाच मांडला गेला. ‘रोहना’वरील अमेरिकन सैनिकांच्या घरच्यांनाही प्रारंभी न्याय मिळाला नाही. नव्या शस्त्राची वार्ता फुटू नये म्हणून बोटीचे नाव आणि बुडण्याची रीत दडविण्यात आली, आणि सगळे कागद खुले व्हायला दशके लागली. परंतु वाचलेले सैनिक आणि मृतांचे नातेवाईक एकत्र आले, त्यांनी पाठपुरावा केला. १९९६ साली अलाबामा राज्यातील फोर्ट मिचेल येथील राष्ट्रीय दफनभूमीत स्मारक उभे राहिले, आणि त्यानंतर अमेरिकन काँग्रेसनेही ठराव करून त्या मृतांची दखल घेतली. नागरिक संघटित झाले म्हणून राज्यसंस्थेला दखल घ्यावी लागली. यात असूया वाटण्यासारखे काही नाही. शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

खलाशांचे काय झाले? लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचे मोठे स्मारक आहे. जहाजाच्या नावाखाली मृतांची नावे तेथे धातूच्या पट्टांवर दिसतात. भारतीय खलाशांची नोंद मात्र तेथे झाली नाही. ती मुंबई आणि चितगाव येथील नामावलीत ठेवण्यात आली. मुंबईत मशीद बंदराजवळ भारतीय नाविकगृह आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक तेथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक नावे या नामावलीत आहेत. म्हणजे नावे हरवलेली नाहीत. कोणीतरी ती लिहून ठेवली आहेत. फक्त ज्या वस्त्यांतून ती माणसे गेली, तेथपर्यंत ती नावे परत पोचली नाहीत.

याच्या शेजारी दुसऱ्या एका बोटीचा हिशेब ठेवून पाहावा. ‘तिलावा’ ही त्याच कंपनीची उतारू बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ९५८ माणसे होती. उतारूंत आफ्रिकेत पोटापाण्यासाठी जाणारी भारतीय कुटुंबे बहुसंख्य होती. २३ नोव्हेंबरला सेशल्स बेटांच्या अलीकडे जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. २८० माणसे मेली. त्याच बोटीच्या पोटात २,३६४ चांदीच्या लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी ती चांदी घेतली होती. पंचाहत्तर वर्षांनी, २०१७ साली, एका खाजगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावरून ती चांदी वर काढली. मग ती कोणाची, यावर ब्रिटनमध्ये खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल झाला की, दक्षिण आफ्रिकेच्या सार्वभौम संरक्षणामुळे त्या देशाविरुद्ध असा दावा चालू शकत नाही.

चांदीची प्रत्येक लगड मोजलेली होती. तिच्या वजनाचा कागद होता, पाठविणाऱ्याचे नाव होते, घेणाऱ्याचे नाव होते. म्हणून पाऊणशे वर्षे आणि अडीच किलोमीटर पाणी मध्ये असूनही ती आपल्या मालकाच्या नावाने ओळखली गेली. त्या बोटीवरच्या माणसांच्या पहिल्या सार्वजनिक स्मरणसभेसाठी मात्र २०२२ साल उजाडावे लागले. मुंबईला बॅलार्ड इस्टेटमध्ये मृतांचे वारस आणि वाचलेल्यांची कुटुंबे एकत्र आली, ती ऐंशी वर्षांनी आणि स्वतःच्या खटपटीने. समाज ज्याची किंमत मानतो त्याची नोंद ठेवतो, असे अर्थशास्त्र सांगते. त्याची दुसरी बाजू राजकारणाने सांगावी लागते: ज्याची नोंद नाही त्याची किंमत शून्य धरली जाते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो समाजवादी कार्यकर्त्याकडूनच यावा हे स्वाभाविक आहे. ज्या काळात ‘चले जाव’चा लढा चालला होता, १९४२ च्या सप्टेंबरात याच महाडच्या कचेरीवर मोर्चा जाऊन गोळीबारात माणसे हुतात्मा झाली, १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी लोक अन्नान्न करून मेले, त्या काळात साम्राज्याची बोट चालविणाऱ्या खलाशाचे स्मरण आपण का करावे? तो तर पगारासाठी गेला होता.

या आक्षेपाला भावनेने उत्तर देण्याची गरज नाही. होय, तो पगारासाठी गेला होता. गिरणी कामगारही पगारासाठीच जात होता आणि युद्धाच्या काळात त्याने विणलेले कापड फौजेलाच जात होते. त्याला कोणी साम्राज्याचा हस्तक म्हटले नाही. खलाशी हुतात्मा नव्हता आणि देशद्रोहीही नव्हता. तो कामगार होता आणि कामावर असताना मेला. नाझी सत्तेच्या पराभवासाठी जी माणसे, जे धान्य आणि जे इंधन समुद्रावरून गेले, त्यांतील मोठा भाग या हातांनी वाहून नेला, हेही सत्यच आहे. साम्राज्याला विरोध आणि साम्राज्याने राबवून घेतलेल्या श्रमिकाबद्दल कर्तव्यबुद्धी, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. किंबहुना दुसरी नसेल तर पहिलीचा अर्थ राज्यकर्त्यांची अदलाबदल एवढाच उरतो.

दक्षिण आफ्रिकेतील श्रमिकांनी हे आपल्या आधी ओळखले. पहिल्या महायुद्धात ‘मेंडी’ नावाची उतारू बोट फौजी वाहतुकीसाठी घेतली होती. तिच्यावर बंदूक न देता केवळ मजुरीसाठी फ्रान्सला नेले जाणारे कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकन होते. २१ फेब्रुवारी १९१७ रोजी इंग्लिश खाडीत धुक्यात दुसरी बोट तिच्यावर आदळली आणि सहाशेहून अधिक मजूर बुडाले. गोऱ्या सरकारने त्यांना पदके दिली नाहीत. पण त्यांच्या लोकांनी ती आठवण पिढ्यानपिढ्या तोंडी जपली, दरवर्षी त्या दिवशी सभा भरविल्या. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर नव्या प्रजासत्ताकाने शौर्याच्या राष्ट्रीय सन्मानालाच ‘मेंडी’चे नाव दिले. साम्राज्याच्या युद्धात मेलेल्या मजुरांना त्यांनी साम्राज्याच्या हवाली केले नाही. आपल्या इतिहासात परत आणले.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. आजही जगातील नाविकांत भारतीयांची संख्या मोठी आहे आणि कोकणातील तरुण त्यांत आहेत. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, भरती करणारा दलाल तिसऱ्या शहरातला, आणि खलाशी चौथ्याच देशाचा, अशी आजची रचना आहे. वेतन थकवून बंदरात सोडून दिलेल्या जहाजांवर भारतीय नाविक महिनोन्‌महिने अडकून पडल्याची उदाहरणे अलीकडच्या वर्षांत वारंवार घडली आहेत. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राच्या परिसरात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये बार्बाडोसचा झेंडा लावलेल्या ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडले आणि फिलिपिनो व व्हिएतनामी नाविक मेले. ज्या युद्धाशी त्यांच्या देशांचा काही संबंध नव्हता, त्यात ते मेले. ‘रोहना’वर पडलेल्या बाँबपासून हे शस्त्र फार पुढे गेले आहे, ते ज्याच्यावर पडते त्या माणसाची स्थिती तेवढी पुढे गेलेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा सागरी श्रमकरार २००६ साली झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, ही जमेची बाजू आहे. परंतु करार राबविण्यासाठी संघटना लागते, आणि संघटनेला आपली माणसे कोठे आहेत हे ठाऊक असावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे ठेवावीशी वाटतात. तिन्ही मोठ्या खर्चाची नाहीत.

पहिले काम गावोगावच्या नोंदीचे. जुने खलाशी आपल्या नोकरीच्या दाखल्यांना ‘नळी’ म्हणत, कारण ते कागद पत्र्याच्या नळीत जपून ठेवले जात. सावित्रीच्या दोन्ही काठांवरील आणि बाणकोट खाडीवरील वस्त्यांत अशा नळ्या, जुनी पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या अद्याप पेट्यांतून सापडतील. त्या मागून घेऊ नयेत. त्यांची नक्कल करावी आणि मूळ कागद घरच्यांच्याच हाती ठेवावेत. घरातील वृद्धांना विचारावे, कोण गेला, कोणत्या बोटीवर गेला, कोण परतला नाही.

दुसरे काम मागणीचे. मुंबईच्या नामावलीतील नावे जिल्हावार, तालुकावार लावून मराठीत प्रसिद्ध करावीत आणि ती ग्रामपंचायतींकडे पाठवावीत, अशी मागणी राज्य शासनाकडे करावी. हुतात्मा स्मारकांच्या शेजारी श्रमिकांच्या नावांची एक पाटी लागली तर स्मारकांचा मान कमी होणार नाही.

तिसरे काम आजच्या गावाचे. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या. त्यानंतर तळीये आणि इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी ढिगाऱ्यासमोर उभे राहून पहिला प्रश्न तोच विचारावा लागला: आत किती माणसे आहेत? शिधापत्रिकेवर नाव एक असते, राहणारी माणसे वेगळी असतात. कोणी मुंबईला गेलेला असतो, कोणी पाहुणा आलेला असतो, कोणा कातकरी कुटुंबाचे नाव कोणत्याच यादीत नसते. दरडप्रवण प्रत्येक वाडीची खरी कुटुंबनोंद पावसाळ्यापूर्वी तयार असली पाहिजे. तिची एक प्रत वाडीत, एक ग्रामपंचायतीत आणि एक तहसील कचेरीत असावी. ती असेल तर शोधाला दिशा मिळते, वारसाला दाखला लवकर मिळतो, आणि मुख्य म्हणजे वाडी हलविण्याची मागणी करताना आपण नेमक्या किती जिवांबद्दल बोलतो आहोत, हे शासनाला सांगता येते. पुनर्वसनाची मागणी माणसे मेल्यानंतर करायची नसते.

‘रोहना’च्या ११७ खलाशांना समुद्रातून कोणी परत आणू शकत नाही. तळीयेच्या मातीखाली राहिलेल्यांनाही नाही. पण ते कोण होते, कोणाचे होते आणि कोणत्या कामावर होते, हे लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्याआधी कार्यकर्त्यांनी दोन वह्या घालाव्यात. एकीत दर्यावर गेलेल्यांची नावे लिहावीत आणि दुसरीत डोंगराखाली राहणाऱ्यांची. दुसरी वही पुरी झाली म्हणजे ती घेऊन तहसील कचेरीत जावे आणि ती दाखल झाल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.